चौघांनी पाहिलं, विचारलं कुणीच नाही: ‘निमिट्झ’ प्रकरण

अमेरिकी नौदलाच्या दोन लढाऊ विमानांतल्या चार जणांनी 14 नोव्हेंबर 2004 रोजी भर दिवसा, निरभ्र आकाशात एक वस्तू पाहिली. ती काय होती हे चौघांपैकी कुणालाच सांगता येईना. जहाजावर परतल्यावर त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. त्यानंतर काही दिवस त्यांची टिंगल झाली आणि विषय तिथेच विरला. त्या तुकडीचे प्रमुख, कमांडर डेव्हिड फ्रेवर यांनी 26 जुलै 2023 रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीसमोर शपथेवर सांगितलं की या घटनेची तेव्हा चौकशीच झाली नाही. त्यांच्या माणसांना कुणी प्रश्न विचारले नाहीत, टेप कुणी ताब्यात घेतल्या नाहीत.

या प्रकरणावर आजवर ढीगभर लिहून झालंय. त्यातलं बहुतेक ‘ते परग्रहावरून आलं होतं का’ या एका प्रश्नाभोवती घुटमळतं. त्या प्रश्नात मला फारसा रस नाही, कारण हाताशी असलेल्या पुराव्यावरून तो सुटणारा नाही. तो का सुटणार नाही, हे शोधत गेलं की मात्र लष्करी नोंदव्यवस्थेतली एक मोठी फट दिसते. हे प्रकरण त्या फटीचं आहे.

त्या दिवशी घडलं ते

‘निमिट्झ’ या विमानवाहू नौकेचा ताफा सॅन डिएगोच्या नैर्ऋत्येला साधारण 100 मैलांवर, मोठ्या मोहिमेआधीचा सराव करत होता. ताफ्यातल्या ‘प्रिन्स्टन’ या क्रूझरवर एसपीवाय-1 हे ताकदवान रडार होतं. रडारवर बसणारे केविन डे आणि त्यांचे सहकारी पुढे सांगत आले की काही दिवसांपासून पडद्यावर विचित्र ठिपके दिसत होते. ते फार उंचावर उगवायचे आणि झपकन खाली यायचे. आधी संशय आला तो यंत्रावर. जुळवाजुळव नव्याने करून पाहिली, तरी ठिपके कायम राहिले.

14 तारखेला फ्रेवर आणि लेफ्टनंट अ‍ॅलेक्स डीट्रिच आपापली एफ/ए-18एफ विमानं घेऊन सरावासाठी निघाले. दोन्ही विमानांत मागच्या सीटवर एकेक शस्त्रप्रणाली अधिकारी होता. सराव थांबवून त्यांना एका दिशेला वळवण्यात आलं आणि रेडिओवरून विचारण्यात आलं, ‘तुमच्याकडे शस्त्रं कोणती आहेत?’ पंखाखाली फक्त सरावाची, न उडणारी क्षेपणास्त्रं होती. सरावात असा प्रश्न कुणी सहसा विचारत नाही.

दिलेल्या ठिकाणी पोहोचल्यावर त्यांना खाली समुद्रात फेसाळलेल्या पाण्याचा एक पट्टा दिसला. बाकी समुद्र शांत होता. त्या पट्ट्यावर साधारण 40 फूट लांबीची एक पांढरी, गुळगुळीत, लांबट गोळीसारखी वस्तू इकडून तिकडे झटके मारत होती. तिला पंख नव्हते, शेपूट नव्हतं, धूरही नव्हता. डीट्रिच वरच राहिल्या आणि फ्रेवर गोल फिरत खाली उतरू लागले. त्यांच्या सांगण्यानुसार ती वस्तूही वळली आणि त्यांच्या समोरासमोर, तशीच गोल फिरत वर येऊ लागली. वर्तुळ मधूनच कापून तिच्याकडे जाण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तेव्हा ती वेग घेऊन क्षणात दिसेनाशी झाली. थोड्याच वेळात ‘प्रिन्स्टन’वरून निरोप आला की तसाच ठिपका जवळपास 60 मैलांवर, त्यांच्या सरावाच्या ठरलेल्या भेटबिंदूवर दिसतोय.

ते परतत असताना पुढची तुकडी निघण्याच्या तयारीत होती. तिच्यातले चॅड अंडरवूड यांच्या विमानाला उष्णतेवरून चित्र टिपणारा कॅमेरा लावलेला होता, फ्रेवर यांच्या विमानाला नव्हता. अंडरवूड यांनी 1 मिनिट 16 सेकंदांचं चित्रण करून आणलं. वस्तूला ‘टिकटॅक’ हे नाव त्यांनीच दिलं. पण डोळ्यांनी त्यांना काहीच दिसलं नाही. त्यांचं सगळं लक्ष पडद्यावर होतं.

याचा अर्थ असा की फ्रेवर यांनी पाहिलेली वस्तू आणि अंडरवूड यांच्या पडद्यावरची वस्तू एकच होती, हे कुणी पडताळून पाहिलेलं नाही. ते गृहीत धरलं गेलंय. वेळा, उंची, दिशा समोरासमोर मांडून त्याच संध्याकाळी हे तासाभरात ठरवता आलं असतं.

जहाजावर

नौदलात उड्डाणानंतर बसून काय घडलं ते सांगायची पक्की रीत असते. काय ठरलं होतं, काय झालं, चूक कुठे झाली हे तिथे बारीकसारीक तपशिलासह काढलं जातं. फ्रेवर आणि डीट्रिच यांनीही सांगितलं. जहाजाच्या अंतर्गत टीव्हीवर त्यानंतर परग्रहवासीयांचे सिनेमे लागले. ज्याला त्याला टोमणे मारायला विषय मिळाला. फ्रेवर स्वतः तुकडीचे कमांडिंग ऑफिसर होते, त्यामुळे त्यांनी ते हसून घेतलं. डीट्रिच तुकडीत नवख्या होत्या. त्यांनी कॅमेऱ्यासमोर याबद्दल बोलायला 2021 साल उजाडलं.

काही खलाशांनी पुढे असंही सांगितलं की कुणी अनोळखी माणसं हेलिकॉप्टरने आली आणि रडारच्या नोंदी घेऊन गेली. या गोष्टीवर खुद्द फ्रेवर यांचाच विश्वास नाही. मलाही साधं स्पष्टीकरण जास्त पटतं. टेप पुन्हा पुन्हा वापरल्या जातात. जपून ठेव असं कुणी सांगितलं नाही, तर त्यावर पुढचं उड्डाण चढतं. एखादी गोष्ट दडपायची तर ती महत्त्वाची आहे असं आधी कुणाला तरी वाटावं लागतं.

अहवाल लिहायचा तरी कुठे?

या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. त्या रात्री फ्रेवर लिहायला बसले असते, तर त्यांनी कोणता कागद पुढे ओढला असता? उड्डाणाला धोका झाल्याचा अहवाल असतो, पण धडक होता होता वाचली असं काही घडलं नव्हतं. गुप्तवार्ता विभागाला कळवावं, तर त्यांना हवं असतं विमान कोणत्या देशाचं आणि कोणत्या जातीचं, आणि नेमकं तेच माहीत नव्हतं. सरावक्षेत्रात घुसखोरी झाल्याचं नोंदवावं, तर घुसखोर कोण?

पक्षी धडकण्याच्या घटनेशी हे ताडून पाहा. अमेरिकी लष्करी विमानाला पक्षी धडकला की रक्ताचा डाग आणि पिसाचे तुकडे पुसून पाकिटात घालतात आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातल्या पिसं ओळखणाऱ्या प्रयोगशाळेला पाठवतात. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली किंवा डीएनएवरून पक्ष्याची जात ठरते आणि ती माहिती विमानतळांच्या उपाययोजनेला उपयोगी पडते. पाकीट पाठवणाऱ्या वैमानिकाला कुणी हसत नाही. पक्षी कुठला हे त्याला ठाऊक असावं अशी अपेक्षाही नसते. चिमूटभर पिसाला ठरलेला रस्ता होता, 40 फुटी वस्तूला नव्हता.

असा रस्ता कधीच नव्हता असंही नाही. अमेरिकी हवाई दलाने अशा नोंदी तपासायला 1948 मध्ये ‘प्रोजेक्ट साइन’, मग ‘ग्रज’ आणि 1952 पासून ‘ब्लू बुक’ चालवलं. ‘ब्लू बुक’ 1969 मध्ये बंद झालं तेव्हा या सगळ्या काळातल्या 12,618 नोंदींपैकी 701 अनोळखी राहिल्या होत्या. शीतयुद्धात ‘जॅनॅप 146’ नावाचा आदेशही होता. आकाशात काही अनोळखी दिसलं तर ताबडतोब कळवा, आणि कळवलेलं बाहेर फोडलंत तर कायद्याने गुन्हा, असा त्याचा दुहेरी सूर होता.

मग टिंगल आली कुठून? जानेवारी 1953 मध्ये सीआयएने शास्त्रज्ञांची एक समिती बसवली. रॉबर्टसन समिती या नावाने ती ओळखली जाते. तिला भीती उडत्या तबकड्यांची नव्हती, नोंदींच्या पुराची होती. सोव्हिएत बॉम्बर येतील त्याच वेळी दळणवळणाचे मार्ग तबकड्यांच्या बातम्यांनी तुंबले तर काय, ही खरी चिंता. म्हणून लोकांच्या मनातलं या विषयाचं गूढ काढून टाका, असा सल्ला तिने दिला. त्या काळाच्या दृष्टीने तो सल्ला वेडगळ म्हणता येणार नाही. फक्त त्यातून पिकलेला हशा सामान्य लोकांसाठी होता, आणि लोकांपुरता तो राहिला नाही. वैमानिकही त्याच समाजातून येतात. बढती, उड्डाणासाठीची वैद्यकीय तंदुरुस्ती, सहकाऱ्यांतली पत, हे सगळं पणाला लावून ‘मला काहीतरी दिसलं’ कोण म्हणणार? ज्या डोळ्यांवर लष्कराने सर्वात जास्त खर्च केला होता, तेच डोळे बोलेनासे झाले.

दुसरं कारण गुप्ततेचं. 7 जानेवारी 1948 रोजी केंटकीत कॅप्टन थॉमस मँटेल यांना आकाशातली एक चकाकती वस्तू बघायला सांगण्यात आलं. तिच्या मागे ते एफ-51 विमान घेऊन वर वर चढत गेले. विमानात प्राणवायूची सोय नव्हती. ते बेशुद्ध झाले असावेत, विमान कोसळलं आणि ते मारले गेले. ती वस्तू बहुधा नौदलाचा ‘स्कायहूक’ हा प्रचंड फुगा होता. तो प्रकल्प गुप्त असल्याने मँटेलना किंवा खालून त्यांच्याशी बोलणाऱ्यांना त्याची कल्पना असायचं कारण नव्हतं. पुढे यू-2 या हेरविमानांच्या बाबतीतही तेच झालं. प्रवासी विमानांच्या वैमानिकांना फार उंचावर काहीतरी चमकताना दिसायचं, ते कळवायचे, आणि खरं उत्तर ज्यांना माहीत होतं त्यांना ते सांगायची मुभा नव्हती. नोंद घेणाऱ्याकडे उत्तर नाही आणि उत्तर असलेल्याला बोलता येत नाही, अशा कोंडीत अहवाल अडकतो.

1969 नंतर हवाई दलाचं हे दारही बंद झालं. नागरी विमानवाहतूक खात्याच्या पुस्तिकेत तर पुढे कितीतरी वर्षं असंच छापलेलं होतं की अशी वस्तू कळवायची असेल तर तशा नोंदी जमवणाऱ्या केंद्राशी संपर्क साधा, आणि जीविताला धोका वाटत असेल तर स्थानिक पोलिसांशी. हवेत 30,000 फुटांवर असलेल्या माणसाला हा सल्ला!

दार पुन्हा उघडलं ते दुसऱ्याच कारणाने

‘निमिट्झ’मुळे काही बदललं नाही. अंडरवूड यांचं चित्रण 2007 मध्ये इंटरनेटवर फुटलं, तरी दखल कुणी घेतली नाही. 2009 मध्ये जे स्ट्रॅटन या सरकारी तपासनिसाने फ्रेवर यांना गाठलं, म्हणजे घटनेनंतर पाच वर्षांनी. पाच वर्षांत गोष्ट शंभरदा सांगून झालेली असते आणि सांगता सांगता तिचे कोपरे घासले जातात. घटना किती वेळ चालली यावर आज खुद्द दोन वैमानिकांचं एकमत नाही. फ्रेवर सुमारे पाच मिनिटं म्हणतात, डीट्रिच यांच्या आठवणीत ती त्यापेक्षा बरीच लवकर आटोपली. दोघंही प्रामाणिक असू शकतात. पहिल्याच संध्याकाळी दोघांना वेगळं बसवून लिहून घेतलं असतं तर हा वाद उरलाच नसता.

बदल घडला तो पूर्व किनाऱ्यावर. 2014-15 च्या सुमारास व्हर्जिनिया बीचसमोरच्या सरावक्षेत्रात, नवी रडारं बसवल्यानंतर, वैमानिकांना वारंवार काहीतरी दिसू लागलं. तिथले एक वैमानिक रायन ग्रेव्हज यांनी सांगितलंय की एकदा जवळजवळ उडणाऱ्या दोन विमानांच्या मधून एक वस्तू गेली. यावर वैमानिकांनी जे केलं ते मला फार शहाणपणाचं वाटतं. ‘अनोळखी वस्तू दिसली’ असं न म्हणता त्यांनी उड्डाण सुरक्षेचे अहवाल भरले. मार्च 2014 च्या अशा एका अहवालात सुटकेसएवढी, चंदेरी रंगाची वस्तू अंदाजे 1,000 फुटांवरून गेल्याची नोंद आहे. त्या मालिकेतल्या एका अहवालात कमांडिंग अधिकाऱ्याने धडक होणं आता फक्त वेळेचा प्रश्न आहे, अशा अर्थाचा शेराही मारलाय.

सुरक्षेचा फॉर्म विचारतो: किती जवळून, किती उंचीवर, किती वाजता. ते काय होतं हे ठामपणे सांगायची सक्ती तो करत नाही. वैमानिकाची लाज नेमकी तिथेच अडकलेली होती. एप्रिल 2019 मध्ये नौदलाने अशा नोंदींसाठी नवे नियम आखत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कारण दिलं तेही सुरक्षेचं: लष्करी क्षेत्रात विनापरवाना किंवा अनोळखी विमानं शिरतायत.

दरम्यान डिसेंबर 2017 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अशा वस्तूंचा अभ्यास करणाऱ्या पेंटागॉनच्या छोट्याशा गुप्त कार्यक्रमाची बातमी छापली आणि ‘निमिट्झ’चं चित्रण जगासमोर आलं. 2019 मध्ये नौदलाने ते खरं असल्याचं मान्य केलं, एप्रिल 2020 मध्ये पेंटागॉनने ते अधिकृतपणे प्रसिद्ध केलं. खरं असणं म्हणजे नौदलाच्याच कॅमेऱ्याने टिपलेलं असणं, एवढाच त्या कबुलीचा अर्थ होता. वाचणाऱ्यांनी त्यात काय काय वाचलं ते निराळं.

मग नोंदी वाढल्या

जून 2021 मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांच्या कार्यालयाने नोव्हेंबर 2004 पासूनच्या 144 नोंदींचा आढावा काढला. 17 वर्षांत 144, आणि त्यातल्याही बहुतेक शेवटच्या दोन वर्षांतल्या, म्हणजे नवे नियम आल्यानंतरच्या. आकाशात अचानक गर्दी झाली असं यावरून म्हणता येत नाही, लोक बोलू लागले एवढं निश्चित म्हणता येतं. त्यांपैकी एकाच नोंदीचं उत्तर खात्रीने देता आलं: हवा जात चाललेला मोठा फुगा. धडक होता होता वाचल्याच्या नोंदी होत्या 11.

2022 मध्ये पेंटागॉनमध्ये अशा नोंदी तपासणारं ‘आरो’ हे स्वतंत्र कार्यालय सुरू झालं आणि मे 2023 मध्ये सगळ्या दलांसाठी नोंदीचा एकच नमुना आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत चिनी फुग्याचं प्रकरण गाजलं. त्यानंतर हवाई संरक्षणवाल्यांनी आपल्या रडारच्या चाळण्या ढिल्या केल्या. रडार सगळंच दाखवत नाही, हळू आणि लहान वस्तू ते मुद्दाम गाळतं, नाहीतर पडदा पक्ष्यांनी आणि ढगांनी भरून जाईल. चाळणी ढिली होताच काही दिवसांत अलास्का, युकॉन आणि ह्युरॉन सरोवरावर तीन वस्तू पाडण्यात आल्या. ‘प्रिन्स्टन’वरच्या मंडळींनी पडद्यावरचा ठिपका आधी यंत्राचा दोष मानला होता, त्या गोष्टीकडे या संदर्भात पाहिलं तर तो त्यांचा आळस वाटत नाही. रडारवर बसणाऱ्याचं अर्धं काम नको ते फेकून देण्याचंच असतं.

‘आरो’च्या नोव्हेंबर 2024 च्या अहवालात 757 नव्या नोंदी होत्या. निकालात निघालेल्या नोंदींमागे फुगे, पक्षी, ड्रोन, उपग्रह निघाले. परग्रहाचा पुरावा एकातही सापडला नाही. अधिक तपासायला हव्यात अशा निघाल्या 21. आणि 444 नोंदी पुरेशी माहिती नाही म्हणून बाजूला ठेवल्या गेल्या. माझं लक्ष या शेवटच्या आकड्यावर खिळतं. लाज गेली, फॉर्म आला, कार्यालय आलं, तरी निम्म्याहून जास्त नोंदी निकाल लागण्याइतक्या भरीव नाहीत.

भरीव नोंद म्हणजे काय ते ‘गोफास्ट’ नावाच्या 2015 च्या चित्रणावरून कळतं. त्यात एक वस्तू समुद्राला लगटून सुसाट जाताना दिसते. पण पडद्यावर अंतर, कोन आणि विमानाची उंची हे आकडे छापलेले होते. ‘आरो’ने 2024 मध्ये हिशेब मांडून दाखवला की वस्तू जवळपास 13,000 फुटांवर होती आणि तिचा वेग हा बराचसा भास होता. विमान स्वतः वेगात असल्याने मागचा समुद्र पळताना दिसत होता.

‘निमिट्झ’च्या चित्रणाला असा हिशेब पूर्णपणे लागू करता येत नाही. शेवटी वस्तू डावीकडे झपकन निसटते ती तिच्या वेगामुळे नव्हे, तर कॅमेऱ्याची पकड सुटल्यामुळे, असा मिक वेस्ट यांच्यासारख्या चिकित्सकांचा युक्तिवाद आहे, आणि चित्रणापुरता मला तो पटतो. पण तो फ्रेवर आणि डीट्रिच यांनी डोळ्यांनी पाहिलं त्याला स्पर्श करत नाही, कारण त्यांच्या विमानात तो कॅमेरा नव्हता. दोन बाजूंचे लोक वर्षानुवर्षं भांडतायत ते दोन वेगळ्या घटनांवरून, आणि त्यांना जोडणारा किंवा वेगळं करणारा दुवा म्हणजे ‘प्रिन्स्टन’च्या रडारची मूळ नोंद. ती सार्वजनिक झालेली नाही.